अर्ज आधी यंत्र वाचते



पूर्वी नोकरीचा अर्ज म्हणजे एक फुलस्केप कागद असे. वर ‘मा. व्यवस्थापक साहेब यांसी’, खाली ‘आपला नम्र’, सोबत गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले एक पाकीट. कचेरीतला कोणी तरी आमच्यासारखाच कारकून तो लिफाफा फोडी आणि वाची. अक्षर वाकडे असले, एखादा इंग्रजी शब्द चुकला, तरी वाचणारा माणूस होता. त्याला अर्थ लागत असे.

आता पहिला वाचणारा पुष्कळ ठिकाणी माणूस राहिलेला नाही. मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळे यांच्याकडे आलेला बायोडेटा आधी संगणकातला एक प्रोग्रॅम वाचतो. त्यातले नाव, फोन, शिक्षण, अनुभव वेगवेगळ्या खणांत टाकतो आणि साहेबांनी मागितलेल्या गोष्टी ज्यात सापडतील ते बायोडेटा वर आणून ठेवतो. बाकीचे तळाशी जातात. शेकडो अर्ज आले असतील तर तळाशी कोण पाहतो? तेव्हा पोरगा नालायक ठरला असे होत नाही. तो वाचलाच गेला नाही, एवढेच होते. पण घरी हे कळत नाही. घरी एवढेच दिसते की मुलगा शिकला आणि बोलावणे आले नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीचे उदाहरण घ्या. बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली, दोन वर्षे एका दुकानाचा हिशेब सांभाळलेली. वर्षभर अर्ज करीत होती. एकाही ठिकाणाहून फोन नाही. आई चार घरची धुणीभांडी करते. शेजारीपाजारी बोलू लागले की शिकवून काय झाले, आईबरोबर कामाला लावा. तिने बायोडेटा आमच्याकडे आणला. झेरॉक्सच्या दुकानातून करून घेतलेला होता. भोवती वेलबुट्टीची चौकट, कोपऱ्यात फोटो, पानाचे दोन उभे भाग. दुकानदाराने कागद छापून दिला होता आणि तिने मोबाईलने त्याचा फोटो काढून तोच सगळीकडे पाठवला होता. आम्ही ती फाईल संगणकावर उघडली आणि अक्षरे निवडून पाहिली. एकही अक्षर निवडले जाईना. म्हणजे पानावर अक्षरे नव्हतीच, अक्षरांचे चित्र होते.

हा फरक आधी नीट समजून घेतला पाहिजे. फाईल दोन प्रकारची असते. एकीत अक्षरे अक्षरे म्हणूनच साठवलेली असतात. दुसरीत अक्षरांचा फोटो असतो. फोटोतून अक्षर ओळखण्याचे तंत्र यंत्राकडे असते, त्याला ओ.सी.आर. म्हणतात. पण प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅम ते वापरतोच असे नाही, आणि वापरले तरी शून्याचे इंग्रजी ‘ओ’ होते, एकाचे ‘एल’ होते, पाचाचे ‘एस’ होते. फोन नंबरात एक आकडा असा बदलला की संपले. बोलावणे जायचे कोणाला?

ही अडचण आजची नव्हे. अमेरिकेत १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्या टपालाने आलेले बायोडेटा स्कॅनरखाली घालून संगणकात भरू लागल्या. तेव्हा तिथल्या उमेदवारांना सांगत, की पांढरा कागद वापरा, अक्षरांवरून घडी घालू नका, स्टेपलची पिन मारू नका, तिरकी अक्षरे आणि खालच्या रेघा टाळा. पुढे इंटरनेट आले. आपल्याकडे नौकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झाले, तर केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळ २०१५ साली. कागद गेला, स्कॅनर मागे पडला. पण त्या सल्ल्याचे मर्म तसेच राहिले आहे. यंत्राला सजावट कळत नाही. त्याला साधी, सरळ, एकाखाली एक ओळ कळते.

म्हणून पहिली गोष्ट. बायोडेटा संगणकावर किंवा मोबाईलवर टाईप करावा आणि त्याचीच पीडीएफ किंवा वर्ड फाईल करावी. छापून पुन्हा फोटो काढू नये. पानाचे दोन उभे भाग करू नयेत, कारण कित्येक प्रोग्रॅम डावीकडून उजवीकडे सरळ ओळ वाचत जातात आणि डाव्या बाजूचे शिक्षण उजव्या बाजूच्या पत्त्यात मिसळते. चौकटी, तक्ते, चित्रे नकोत. फोन आणि ई-मेल पानाच्या अगदी वरच्या समासात, म्हणजे ज्याला हेडर म्हणतात तिथे घालू नये. काही प्रोग्रॅम ती जागा वाचतच नाहीत. नावाखाली साध्या ओळीत लिहावे. अक्षर साधे घ्यावे, एरियल किंवा कॅलिब्री, आकार ११ किंवा १२. मथळे रूढ ठेवावेत, एज्युकेशन, वर्क एक्स्पिरियन्स, स्किल्स. ‘माझा प्रवास’ असा मथळा माणसाला आवडेल, यंत्राला त्यात अनुभव सापडणार नाही.

फाईल तयार झाली की एक परीक्षा घ्या. सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा स्वतःलाच केलेल्या एखाद्या निरोपात चिकटवा. जे दिसेल, साधारण तेच यंत्राला दिसते. ओळी जागच्या जागी असतील तर फाईल चांगली. भेळ झाली असेल तर दुरुस्त करा. या परीक्षेला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटे लागतात.

मराठीत बायोडेटा किंवा अर्ज टाईप करणाऱ्यांनी आणखी एक जपावे. टायपिंगच्या दुकानांतून अजूनही कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘नाव’ हा शब्द टाईप केला की यंत्राला त्या जागी यू, के, ओ ही तीन इंग्रजी अक्षरे दिसतात. आता यात त्याने तुमचे नाव कुठे शोधावे? म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाईप करून मागावा. मोबाईलवरचे मराठी बहुधा युनिकोडच असते.

दुसरी गोष्ट शब्दांची. यंत्र शब्द शोधते, भावार्थ नव्हे. जाहिरातीत टॅली, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन, एक्सेल असे मागितले असेल आणि आपण ‘हिशेबाची सर्व कामे येतात’ असे लिहिले, तर माणूस समजेल, यंत्र समजेलच असे नाही. त्या मुलीला बँकेच्या पासबुकाशी दुकानाची वही जुळवता येत होती, ती दर महिन्याला ते करीतही होती. पण त्याला बँक रिकन्सिलिएशन म्हणतात हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून तिने ते लिहिलेच नव्हते. आपल्या मुलांचे असे फार होते. काम येते, कामाचे कागदावरचे नाव येत नाही.

म्हणून जाहिरात समोर ठेवावी. तिच्यातले कामाचे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावेत. त्यांपैकी जे आपल्याला खरोखर येते ते त्याच शब्दांत बायोडेटात लिहावे. लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही लिहावे, बी.कॉम. आणि बॅचलर ऑफ कॉमर्सही. आय.टी.आय. झालेल्याने नुसते आय.टी.आय. न लिहिता ट्रेडचे पूर्ण नाव लिहावे, इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, जे असेल ते. एम.एस.-सी.आय.टी. केली असेल तर तिच्यासोबत वर्ड, एक्सेल असे काय काय येते तेही लिहावे. टायपिंग येत असेल तर भाषा आणि वेग लिहावा, मराठी ३०, इंग्रजी ४०. नोकरीच्या तारखा महिन्यासकट लिहाव्यात, ‘जून २०२१ ते मार्च २०२३’ अशा. ‘दोन वर्षे’ एवढेच लिहिले तर यंत्राला हिशेब लागत नाही. एक मूळ बायोडेटा घरी ठेवावा आणि प्रत्येक जाहिरातीसाठी त्यातला मजकूर थोडा हलवून वेगळी प्रत करावी. फाईलचे नाव ‘फायनल २’ असे ठेवू नये. आपले नाव आणि पदाचे नाव असावे.

काही चलाख मंडळी पोरांना एक युक्ती शिकवतात. जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या अक्षरांत पांढऱ्या पानावर लिहायचे. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. ही युक्ती कोणीही करू नये. प्रोग्रॅम मजकूर उचलून साध्या काळ्या अक्षरांत साहेबांपुढे मांडतो तेव्हा ती लबाडी उघडी पडते. आणि न येणारे काम मुलाखतीत पाच मिनिटांत कळते. आपल्याकडे खरे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, आपण ते मोजत नाही एवढेच. वडिलांच्या भाजीच्या गाडीवरचा रोजचा हिशेब, वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या, दुकानातून घरोघर माल पोचवणे, हेही कामच आहे. जयंती मंडळाचा खजिनदार वर्गणीची पावतीपुस्तके सांभाळतो, जमाखर्च लिहितो, सभेपुढे मांडतो. तो हिशेबाचा अनुभव आहे. मंडळाचे नाव द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. काम मात्र लिहावे.

इथे नावाचा विषय आलाच आहे, तर तो टाळून चालणार नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून एक अभ्यास केला. तो २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याच्या संधीचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघाले, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. हे आपल्या लोकांना नवीन नाही. पण अभ्यासाने आकड्यात सांगितले.

मग कोणी म्हणेल, यंत्र बरे, त्याला जात नाही. तसेही नाही. ॲमेझॉन कंपनीने बायोडेटांना गुण देणारा एक प्रोग्रॅम करून पाहिला होता. त्याला शिकवण्यासाठी कंपनीकडे आधीच्या १० वर्षांत आलेले बायोडेटा दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. तेव्हा यंत्राने स्वतःहून धडा घेतला की पुरुष बरे, आणि ज्या बायोडेटात महिलांची संस्था, महिलांचा संघ असे शब्द आले त्याचे गुण कमी करू लागले. कंपनीने तो प्रयोग सोडून दिला. रॉयटर्सने ही हकिगत २०१८ साली प्रसिद्ध केली. यंत्र माणसाच्याच वह्या वाचून शिकते. वहीत भेद असेल तर यंत्रातही येतो.

मग आडनाव लपवावे काय? आमचे मत असे की लपवू नये. प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच बायोडेटावर असावे, नाही तर पुढे कागदपत्रे तपासताना आपणच अडचणीत येतो. मात्र खाजगी नोकरीच्या बायोडेटात जात, धर्म, वडिलांचा धंदा, लग्न झाले की नाही, आधार क्रमांक, फोटो यांची मागणी नसेल तर काहीही देऊ नये. झेरॉक्सच्या दुकानातला नमुना लग्नाच्या बायोडेटावरून बेतलेला असतो. नोकरी देणाऱ्याला उंची आणि रास लागत नाही. माणसाच्या मनातला भेद एका कागदाने जाणार नाही, त्याची लढाई वेगळी आहे. पण यंत्राच्या दारात केवळ माहिती नाही म्हणून आपले मूल परत फिरावे, हे तरी आपण थांबवू शकतो.

सरकारी आणि बँकांच्या भरतीचा प्रकार निराळा. तिथे बहुधा बायोडेटा लागत नाही, रकाने भरावे लागतात. तिथे यंत्र अधिक कडक असते. नाव आणि जन्मतारीख जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे, बहुधा दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि आधार कार्डावर पुष्कळदा शेवटी. लग्नानंतर बहिणींचे नाव बदललेले असते. हे फरक अर्जाची मुदत संपण्याच्या रात्री सुचत नाहीत, आधी पाहून ठेवावे लागतात. आय.बी.पी.एस.च्या बँक भरतीच्या सूचनांत फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर ५० ते १०० केबी अशी मापे दिलेली असतात. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने हवी, मोठ्या इंग्रजी अक्षरांतली चालत नाही. प्रत्येक भरतीची मापे वेगळी असू शकतात, म्हणून जाहिरात शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या घरांतून एक शंका हमखास येते. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले तर अनुसूचित जातीची सवलत जाईल का? जाणार नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतील बौद्धांचा त्यात समावेश झाला. तेव्हा धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती हे दोन्ही रकाने खरे भरता येतात. मात्र केंद्राच्या भरतीत जातीचा दाखला जाहिरातीत दिलेल्या केंद्राच्या नमुन्यातला मागतात, आणि राज्याच्या राखीव जागांना जात वैधता प्रमाणपत्र लागते. दोन्ही कागद मिळायला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच अर्ज करून ठेवावा.

शेवटची गोष्ट खात्याची. पुष्कळ मुले सायबर कॅफेवाल्याच्या ई-मेलवर अर्ज भरून घेतात. मुलाखतीचे पत्र, प्रवेशपत्र, ओ.टी.पी. सगळे त्याच्याकडे जाते. दुकान बदलले की अर्ज बुडाला. मुलाचा स्वतःचा ई-मेल असावा, त्याचा पासवर्ड त्याच्याच वहीत असावा. अर्जात दिलेला मोबाईल नंबर चालू ठेवावा. रिचार्जअभावी नंबर बंद पडतो, मग कंपनीने फोन कोणाला करायचा? भरलेल्या अर्जाची प्रत आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी नोंदणीचे, गणवेशाचे, लॅपटॉपचे पैसे मागितले तर देऊ नये. सरकारी परीक्षेचे शुल्क अधिकृत संकेतस्थळावरच भरायचे असते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

त्या मुलीचा बायोडेटा आम्ही तिच्याच हातून पुन्हा टाईप करवून घेतला. एक पान झाले. वेलबुट्टी गेली, बँक रिकन्सिलिएशन आले. नंतर तिला दोन ठिकाणांहून फोन आला. एका ठिकाणी निवड झाली नाही. दुसऱ्या ठिकाणचा निकाल आम्ही हे लिहीपर्यंत लागलेला नाही. पण तिची आई आता शेजारणींना सांगते की पोरीला मुलाखतीला बोलावतात. घरात तिचे शिक्षण पुन्हा मोजले जाऊ लागले आहे.

वाचकांना आमची विनंती एवढीच. पुढच्या रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात एक संगणक आणि दोन जाणती मुले बसवा. प्रत्येक सुशिक्षित बेकार मुलाने आपला बायोडेटा घेऊन यावे आणि ती दोन मिनिटांची परीक्षा करून पाहावी. आईवडिलांनीही सोबत यावे. त्यांना इंग्रजी येत नसले तरी मुलाने कोणकोणती कामे केली हे त्यांना चांगले आठवते, आणि मुले तेच लिहायला विसरतात. काही अडले तर पत्राने कळवा. बोलावणे आल्यावर मुलाखतीला कसे जावे, ते पुढच्या वेळी पाहू.